शिट्टी, साबण आणि हुरडा

कडूबाकाकांचा फोन आला की आमच्या घरात थंडी आली असं समजतात. कपाटातून स्वेटरं निघतात ती त्यानंतर. गेल्या आठवड्यात फोन आला. "ताई, गूळभेंडी जवारी भरात आली. रईवारी आगटी पेटवून राह्यलो. सरला अन् वहिनीला घिऊन या. अन् साबण आणू नका बरं का, बोअरपाशी नवी वडी ठिवली म्या."

हुरड्याचं आमंत्रण देताना लोक चटणी आहे, ताक आहे, बोरं आहेत असं सांगतात. साबण आहे असं सांगणारा यजमान अख्ख्या परतूर तालुक्यात हा एकच, आणि त्याला ही सवय आमच्या घराने लावली. फोन ठेवला आणि माझ्या नाकात दोन वास एकदम शिरले. एक गोवऱ्यांच्या विस्तवात भाजलेल्या कोवळ्या ज्वारीचा आणि दुसरा स्पिरिटचा. या दोन वासांचा एकमेकांशी खरं तर काही संबंध नाही. पण तीन वर्षांपूर्वीच्या एका हिवाळ्याने त्यांची गाठ मारली, ती अजून सुटलेली नाही.

माझे वडील परतूरच्या एका शाळेत पी.टी.चे सर होते. गावात त्यांचं नाव फार थोड्या लोकांना माहीत आहे. सगळे 'सर'च म्हणतात. आईसुद्धा 'सर, चहा' असंच म्हणते. मी त्याच शाळेत शिकले आणि शाळेत 'बाबा' अशी हाक मारली की ग्राउंडला एक फेरी जास्त मिळायची, म्हणून मीही सरच म्हणायला लागले आणि ते तसंच राहिलं. दर सोमवारी प्रार्थनेनंतर सर नखं तपासत. हातात लाकडी पट्टी, गळ्यात शिट्टी. आजही सोमवारी सकाळी बाजारात सर समोरून आले की पन्नाशीची माणसं मुठी मिटून घेतात. मी हे डोळ्यांनी पाहिलंय. निवृत्त झाल्यावर पट्टी शाळेत राहिली आणि शिट्टी घरी आली. समोरच्या खोलीत बुद्धमूर्तीच्या फळीखाली एक खिळा ठोकून सरांनी ती टांगली. तिथे ती धूळ खात पडेल असं आम्हाला वाटलं होतं.

त्या वर्षी दिवाळीच्या आधी सरांच्या आतड्यात गाठ निघाली. ऑपरेशन झालं. मग शिरेतून द्यायची औषधं सुरू झाली, दर दोन आठवड्यांनी एकदा, असे बारा डोस. पहिल्या डोसातच हाताच्या शिरा रुसल्या. दुसऱ्या वेळी सुई टोचायला जागा सापडेना. चाळीस वर्षं दोरीवर चढलेला हात तो, पण शिरा लाजाळू निघाल्या. तेव्हा संभाजीनगरच्या हॉस्पिटलात डॉक्टरांनी डाव्या दंडातून एक नळी बसवली. बारीक, मऊ, लांबलचक. ती आतून सरकत पार हृदयाजवळ जाऊन थांबते आणि तिचं एक तोंड दंडाबाहेर राहतं. सगळी औषधं तिच्यातूनच. डॉक्टर म्हणाले, "ही नळी टिकली तर डोस वेळेवर होतील. हिच्यातून जंतू शिरले तर ते थेट रक्तात जातात. मग नळी काढा, केमो थांबवा, आणि या आजारात थांबणं म्हणजे..." पुढचं ते बोलले नाहीत. वर्गात कुणी वाक्य अर्धवट सोडलं तर सर ते त्याच्याकडून तीनदा पूर्ण करून घेत. त्या दिवशी त्यांनी ते वाक्य तसंच सोडून दिलं. मला तेव्हा पहिल्यांदा भीती वाटली.

नळीची काळजी कशी घ्यायची हे सांगायला एक सिस्टर आल्या. उंच, सावळ्या, आवाज खणखणीत. सरांकडे बघून थबकल्या.

"ओळखलं का सर? सुनीता. आठवी ब. नखं वाढली म्हून तुमी मला ग्राउंडवर उभं केल्तं."

सर आडवे पडूनच म्हणाले, "बराबरच केल्तं."

"हो सर, बिलकुल बराबर केल्तं. आता तुमचे हात दाखवा."

सरांनी हात पुढे केले. आजारपणात नखांकडे कोण बघतंय! करंगळीचं तर चांगलंच वाढलं होतं. सुनीता सिस्टरने ती दहाही नखं निवांत पाहिली, खिशातून नेलकटर काढलं आणि सरांच्या हातात ठेवलं. माझ्या आयुष्यात सरांना खाली मान घालून नखं कापताना मी तेवढंच पाहिलं.

माझा पुण्याचा चुलत भाऊ भारी काळजीवाहू. त्याने मोबाइलवर एक यादी पाठवली होती. हवा शुद्ध करणारं यंत्र, परदेशी सॅनिटायझर, जंतू मारणारा निळा दिवा, खास चादरी. आईने ती यादी सिस्टरपुढे धरली. आमच्या पेन्शनमध्ये त्यातला दिवा आला असता तर बाकी घर अंधारात राहिलं असतं. सिस्टरने यादी वाचली आणि हसली.

"मावशी, ह्यातलं कायबी नको. साबणाची वडी, वाहतं पाणी अन् वीस आकडे. इतकंच. जो नळीपाशी येईल त्याचे हात आधी धुतलेले पाहिजेत. अंगोळीला दंडाभोवती प्लास्टिक गुंडाळा, ओल शिरू द्यायची न्हाई. दर आठवड्याला हितं या, ड्रेसिंग मी बदलीन. मधी कड सुटली, ताप आला, थंडी वाजली, तर त्याच घडीला फोन. उद्या बघू म्हणायचं न्हाई. अन् आता मी काय करून राह्यले ते नीट बघा." तिने नळीचं तोंड स्पिरिटच्या कापसाने धरलं आणि घासायला लागली. "पंधरा आकडे घासायचं, मंग आपोआप वाळू द्यायचं. कुणीबी असो, मोठा डॉक्टर का असंना, न घासता पिचकारी लावायला लागला तर तुमी हात धरा त्याचा. अन् एक, फुंकर मारायची न्हाई."

आई दचकली. "फुंकर बी न्हाई?"

"न्हाई मावशी. तोंडातले जंतू असतात."

आईचं सगळं वैद्यकशास्त्र फुंकरीवर उभं होतं. माझे फुटलेले गुडघे, तव्याचे चटके, सरांना एकदा गांधीलमाशी चावली होती तो कान, या सगळ्यावर तिने हळद लावायच्या आधी फुंकर मारलेली होती. औषध नंतर. आता नवऱ्याच्या दंडाला भोक पडलेलं आणि त्याच्यावर फुंकर मारायची नाही. परतीच्या गाडीत तिने जालना येईपर्यंत तोंड उघडलं नाही. मला वाटलं कॅन्सरच्या विचाराने. ती म्हणाली, "मंग मी करायचं तरी काय?"

आपल्याकडे आजारी माणसाला 'बघायला' जातात. हा शब्द फसवा आहे, कारण नुसतं बघून कुणीच परतत नाही. पलंगावर टेकतात, हात हातात घेतात, कपाळावर तळवा ठेवतात, पायाचे तळवे दाबून बघतात, आणि बिस्किटाचा पुडा उशाशी ठेवून 'दाखवा बरं कुठं बसवली' म्हणत बाही वर करतात. बाजाराच्या दिवशी तर आमचं घर रस्त्यावरच पडलेलं. भाजी घेतली, बियाणं घेतलं, सरला बघितलं, गाडी धरली, असा लोकांचा क्रम ठरून गेला होता. कडूबाकाका पहिल्या दिवशी आले ते बैलं सोडून थेट. शेणाचे हात, डोळ्यांत पाणी. "मित्रा!" म्हणून त्यांनी जी मिठी मारली ती नेमकी डाव्या बाजूने. आई ओरडली. मी ओरडले. कडूबाकाकांना वाटलं आम्ही दुःखाने ओरडतोय, म्हणून त्यांनी मिठी आणखी घट्ट केली.

त्याच दुपारी सर पलंगावरून उठले, खिळ्यावरची शिट्टी काढली आणि गळ्यात घातली.

दुसऱ्या दिवसापासून अंगणात प्लास्टिकची टाकी, तिला तोटी, तोटीवर जाळीत बांधलेली साबणाची वडी. सर दारात खुर्ची टाकून, शाल पांघरून. फाटक वाजलं की शिट्टी. "थांब! चप्पल बाहेर. पाणी घे. साबण घे. तळवे चोळ! एक, दोन, तीन, चार... उलटा हात! बोटांच्या सांदी! आंगठा! नखं! मनगट!" विसाव्या आकड्याला दुसरी शिट्टी, मग तोटी उघडायची. पुसायला दोरीवर धुतलेल्या कापडाचे तुकडे, माणशी एक. मधेच कुणी थांबलं की पुन्हा एकपासून. पुढे कुणी 'झाले वीस' म्हणालं तर सर म्हणायचे, "माझे सोळा झाले. तुझे जल्दी कसे झाले?"

लोक रुसतील असं मला वाटलं होतं. कुणीच रुसलं नाही. अर्धं गाव त्यांचं विद्यार्थी. शिट्टी ऐकली की पाय आपोआप जुळायचे. एक मावशी फाटकातच गळा काढून रडायला लागल्या, "काय हो सर, काय होते अन् काय झाले..." सरांनी शिट्टी फुंकली. "रडायचं मंग. आधी हात." मावशींनी हुंदके देत वीस मोजले आणि साबण इतका मन लावून चोळला की आत येईपर्यंत रडायचंच विसरल्या. मग निवांत चहा प्यायल्या आणि सुनेची गाऱ्हाणी सांगून गेल्या. सरांना त्या दिवशी फार बरं वाटलं.

समोरचे कापडवाले शेठजी, तीन पिढ्यांपासून परतूरचे, पण घरात अजून मारवाडी बोलतात. त्यांच्या बोटात लग्नातली अंगठी. सर म्हणाले, अंगठीखाली मळ राहतो, काढा. शेठजी म्हणाले, "सर, ही बावीस साल झाले निघाली न्हाई. आता क्या निघेल!" सरांनी वीसच्या ऐवजी साठ मोजले. साबणाने अंगठी सुळकन निघाली आणि शेठजी स्वतःच्या बोटाकडे बघत उभे राहिले. गप्पांच्या नादात अंगठी आमच्या खिडकीतच विसरली. दुसऱ्या दिवशी सकाळी भाभीजी फाटकात हजर, चेहरा असा की मी दोन पावलं मागे सरले. सरांनी आधी त्यांचे हात धुवून घेतले, मग अंगठी दिली.

मी जालन्याच्या शाळेत विज्ञान शिकवते. जिवाणूंचे तीन आकार फळ्यावर काढते, गोल, काडीसारखे आणि मळसूत्री. बारा वर्षं काढतेय. पण फळ्यावरचा तो गोल माझ्या बोटावरही बसलेला आहे आणि त्याच बोटाने मी सरांची उशी सारखी करते आहे, हे त्या हिवाळ्याआधी माझ्या डोक्यात कधी आलं नव्हतं. आपल्या माणसांचं प्रेम सगळं हातांत असतं. बोलायला आपल्याला जमत नाही, मग आपण खांदा दाबतो, डोक्यावरून हात फिरवतो, घास भरवतो. त्या हातांना 'लांब व्हा' म्हणणं फार अवघड आहे. सरांनी ते कधी म्हटलं नाही. त्यांनी फक्त वीस आकडे मधे ठेवले.

आता माझ्या वर्गातली पोरं डबा खायच्या आधी नळापाशी रांग लावून मोठ्याने आकडे म्हणतात. मुख्याध्यापक एकदा विचारत होते की हा कुठल्या उपक्रमात येतो. मी म्हटलं, घरगुती.

तर असे चार डोस पार पडले. नळी शाबूत. आठ बाकी. संक्रांत टळली आणि हुरडा आला. मी त्या आठवड्यात रजा टाकून परतूरलाच होते.

हुरडा खाणारे पुष्कळ, चोळणारा एखादाच. कणीस आगटीत भाजायचं, राखेतून काढून हातात धरायचं, आणि गरम असतानाच दोन तळव्यांत असं चोळायचं की दाणा अख्खा सुटला पाहिजे, चिरडता कामा नये. मग हाताच्या ओंजळीत हलकी फुंकर मारून कोंडा उडवायचा. कडूबाकाकांच्या शेतात हे काम दरवर्षी सरांचं. सरांनी चोळलेल्या हुरड्यात एक फोलपट सापडलं तर कडूबाकाका एक कणीस बक्षीस देत, आणि गेल्या कित्येक वर्षांत ते कुणाला मिळालं नव्हतं. त्या वर्षी सरांना जायचं नव्हतं. धूर, धूळ, कणसाचं टोचरं कूस. आईने बजावलं होतं, सिस्टरने बजावलं होतं, आणि सगळ्यात जोरात खुद्द सरांनीच जाहीर केलं होतं की या साली हुरडा बंद.

रविवारी दुपारी सर म्हणाले, पाय मोकळे करून येतो. शिट्टी खिळ्याला लावून गेले. दोन तासांनी आले. आईने नुसता वास घेतला.

"कुठं गेल्ते?"

"स्टेशनकडं."

"स्टेशनवर हुरडा भाजून राह्यले का आजकाल?"

सरांनी पेपर उघडून तोंडापुढे धरला. तो कालचा होता.

सोमवार गेला. मंगळवारी सर दिवसभर शाल सोडेनात. मला माझ्या पेपर तपासायच्या पिशवीतली चिकटपट्टी सापडेना, पण तिचा काही विचार केला नाही. बुधवारी दुपारी जेवताना सरांना शहारा आला. आईने थर्मामीटर लावलं. एकशे एक. सर म्हणाले, "ते थर्मामीटर बिघडलेलं हाये." आईने तेच माझ्या काखेत लावलं, ते बरोबर चाललं. मग तिने साबणाने हात धुतले, वीस मोजले आणि सरांची डावी बाही वर केली.

ड्रेसिंगच्या खालच्या कडेवर माझी चिकटपट्टी. एकावर एक तीन थर. तिच्या आत लाल झालेली कातडी. आणि त्या लालीवर चिकटून बसलेलं ज्वारीचं एक फोलपट.

आई उठली, समोरच्या खोलीत गेली, खिळ्यावरची शिट्टी काढली आणि ओठांत धरून फुंकली. इतक्या वर्षांच्या संसारात ती शिट्टी तिच्या ओठांना लागली नव्हती. आवाज आला तो अर्धा शिट्टीचा आणि अर्धा हवेचा. पण सर ताडकन उभे राहिले.

"सर," आई म्हणाली, "सावधान. गाडीत बसा."

गाडी शेठजींची. त्यांनी दुकान तसंच उघडं टाकून चावी आणून दिली, आणि आधी हात धुतले. वाटेभर आईच्या हातात शिट्टी होती. बदनापूरच्या पुढे गेल्यावर ती बोलायला लागली आणि थांबेना. "साऱ्या गावाला आंगठ्या काढायला लावल्या. लेकीच्या हातून पाणी घेतलं न्हाई जोवर तिचे वीस होत न्हाई. अन् सोता जाऊन धुरात चोळत बसले. फुंकरा मारून राह्यले! मला फुंकर मारू देत न्हाई अन् हे कणसाला फुंकरा मारून राह्यले! काहून गेल्ते?"

सरांनी शाल दंडावर ओढून घेतली. मग म्हणाले, "घरी समदे मला बघाया येऊन राह्यले ना. तिथं कुणी बघाया आल्तं न्हाई. कडूबा म्हणला, सर, आज फोलपट राह्यलं दाण्यात. मंग बसलो चोळाया." आणि थोड्या वेळाने, "चूक झाली. बिलकुल झाली."

मी सरांना चूक कबूल करताना कधी ऐकलं नव्हतं. मला ते मुळीच आवडलं नाही. ते भांडले असते तर बरं झालं असतं.

सुनीता सिस्टर दारातच होती. कमरेवर हात. तिने ग्लोव्हज चढवले, चिकटपट्टी सावकाश सोडवली आणि चिमट्याने ते फोलपट उचलून उजेडात धरलं.

"हे काय हाये सर?"

"गूळभेंडी," सर म्हणाले.

तिला हसू आलं होतं, पण तिने ते गिळलं. नळीतून रक्त घेतलं, दुसऱ्या हातातून घेतलं, दोन बाटल्यांत भरलं. अँटिबायोटिक सुरू केलं. आम्हाला म्हणाली, या बाटल्या उबेत ठेवतात आणि दोन-तीन दिवस त्यांत काही उगवतंय का बघतात. उगवलं तर नळी जाते. नळी गेली तर पुढचं डॉक्टर सांगतील. म्हणजे तेच वाक्य, अर्धवट सोडलेलं.

ते दोन दिवस मी विसरू म्हटलं तरी विसरत नाही. सर ग्लानीत होते. नवं ड्रेसिंग पारदर्शक, त्याच्या आत ती लाल कातडी स्पष्ट दिसत होती. आई स्टुलावर बसून तिच्याकडे बघत होती. बघता बघता ती पुढे झुकली, दंडाच्या अगदी जवळ आली, ओठ गोल केले. आणि थांबली. तशीच, ओठ गोल केलेले, श्वास आत धरलेला. मग तिने तो श्वास मान वळवून खिडकीकडे सोडला आणि पदराने तोंड पुसलं. मी बाहेर जाऊन पाण्याच्या नळापाशी उगाचच हात धुवत उभी राहिले. किती मोजले ते आठवत नाही.

शुक्रवारी दुपारी सुनीता सिस्टर आली. तिच्या चेहऱ्यावरून काही कळेना. शाळेत कवायत करताना सरांनीच शिकवलं असणार. "काहीच उगवलं न्हाई," ती म्हणाली. "दोन्ही बाटल्या साफ. ताप सर्दीचा हाये. अन् दंडावर नुसती कुसाची खाज."

आईला आधी कळेचना. कडूबाकाका त्याच वेळी दारात पोचले होते, पांढरे फटक, कारण आगटी त्यांची होती. त्यांनी विचारलं, "उगवलं न्हाई म्हंजे?" सिस्टरने समजावलं. काकांनी टोपी काढून डोळ्यांना लावली. बियाणं उगवलं नाही म्हणून डोक्याला हात लावलेले शेतकरी आमच्या जिल्ह्यात कुठेही भेटतील. उगवलं नाही म्हणून हॉस्पिटलच्या पायऱ्यांवर येईल-जाईल त्याला पेढे वाटणारा शेतकरी मी एकच पाहिला. पेढा हातात ठेवायच्या आधी तो प्रत्येकाला विचारत होता, "हात धुतले का?"

शिक्षा सिस्टरने ठोठावली. शिट्टी मावशीकडे. त्या दिवसापासून आमच्या फाटकात आई बसायला लागली. सरांच्या शिट्टीत धाक होता. आईची शिट्टी फुर्र करून थांबायची, पण तिचं मोजणं भयंकर. तिचा लोकांवर विश्वास नाही, म्हणून ती वीसच्या जागी तीस मोजायची, आणि सरांचे चाळीस. सर तोटीपाशी उभे राहून निमूट चोळायचे. मधेच थांबले तर आई नुसती म्हणायची, "एक."

उरलेले आठही डोस त्याच नळीतून झाले. उन्हाळ्यात शेवटचा झाला तेव्हा सुनीता सिस्टरने नळी ओढून काढली. टाचणी काढावी इतका वेळ लागला. आई म्हणाली, "इतकीशी?" आणि रडली, त्या हिवाळ्यात पहिल्यांदाच. तेव्हा हिवाळा संपून बरेच महिने झाले होते, पण तिचा तो तेव्हा संपला.

सर दर सहा महिन्यांनी तपासायला जातात. आतापर्यंत सगळं ठीक निघालंय. जाताना नखं कापून जातात.

काल रविवार होता. आम्ही तिघं कडूबाकाकांच्या शेतात गेलो. बोअरपाशी नवी वडी, दोरीवर कापडाचे तुकडे. आईने पिशवीतून शिट्टी काढली, सगळ्यांचे तीस झाले, सरांचे चाळीस. मग सर आगटीपाशी बसले. कणीस राखेतून काढलं, झाडलं, तळव्यांत घेतलं आणि चोळायला लागले. डाव्या दंडावर आता तिळाएवढी पांढरी खूण आहे, बाही वर गेली की दिसते. आम्ही सगळे त्या हातांकडे बघत होतो. त्या कणसाला विस्तव जास्त लागला असावा, कारण सरांनी एकदम श्वास ओढला, पण हात सोडले नाहीत.

"सर," आई म्हणाली, "हात दाखवा."

सरांनी ओंजळ पुढे केली, सोमवारच्या पोरांसारखी. हिरवे दाणे, त्यावर कोंडा, आणि खाली तळवे भाजून लाल झालेले. आई पुढे झुकली. ओठ गोल केले. तिला थांबवायला मी हात पुढे केला, आणि मग आठवलं की आता चालतं. आईने फुंकर मारली. लांब, सावकाश. कोंडा उडून कडूबाकाकांच्या टोपीवर जाऊन बसला. ओंजळीत नुसते दाणे राहिले.

सरांनी हात मागे घेतले नाहीत.

"आणखी एकदा मार," ते म्हणाले.